दारावरचा कागद

(दृश्य: सांगलीचा आयर्विन पूल, सकाळची वर्दळ. त्यावरून मार्च २०२०मधल्या ओस पडलेल्या पेठांची छायाचित्रं.)

निवेदन :

सांगली जिल्ह्यात करोनानं पहिलं पाऊल टाकलं ते वाळवा तालुक्यात. गाव इस्लामपूर, आताचं ईश्वरपूर. सौदी अरेबियातून धार्मिक यात्रा करून आलेल्या एका कुटुंबातल्या चौघांचा अहवाल २३ मार्च २०२० रोजी पॉझिटिव्ह आला आणि काही दिवसांतच त्यांच्या नात्यागोत्यातल्या बाधितांची संख्या पंचविशीच्या घरात गेली. सगळ्या राज्याचं लक्ष या गावाकडे लागलं. प्रशासनानं तो भाग बंद केला, आरोग्यसेविका आणि आशाताई घरोघरी फिरल्या, रुग्णांना मिरजेला हलवलं. साथ तिथंच थोपली. एप्रिलमध्ये त्यातले बहुतेक सगळे बरे होऊन घरी आले. ‘इस्लामपूर पॅटर्न’ म्हणून या कामाचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं.

पण त्याच दिवसांत मोबाइलवर काय काय फिरत होतं, ते इथल्या लोकांना आठवत असेल. आजारी माणूस कुठल्या गल्लीतला, कुठल्या धर्माचा, कुणाच्या घरी जेवला, कुणाच्या दुकानात गेला. साथ आटोक्यात आणायला डॉक्टरांना आणि तहसीलदारांना हे कळणं गरजेचं होतं. गावातल्या प्रत्येक ग्रुपवर जाणं गरजेचं होतं का?

साथ आली की माणसाकडे त्याचे कोणते हक्क उरतात, हे आज आपण सांगली-मिरजेत उभं राहून पाहणार आहोत.

(दृश्य: संविधानाची प्रत. कलम २१ असलेलं पान.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तेव्हा भल्याभल्यांचा गैरसमज झाला होता. टाळेबंदी म्हणजे आणीबाणी नव्हती. कलम ३५२ खाली आणीबाणी लावायला युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंड लागतं. त्यात रोगराई बसत नाही. शिवाय १९७८ सालच्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर, आणीबाणी असली तरी जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारं कलम २१ स्थगित करता येत नाही. म्हणजे २५ मार्च २०२० च्या सकाळी आपण सगळे घरात बसलो, तेव्हा आपले मूलभूत हक्क आदल्या दिवशी होते तेवढेच होते.

सरकार त्यांच्यावर बंधनं घालू शकतं का? घालू शकतं, आणि साथीत घालावीच लागतात. पण त्याला माप आहे. बंधनामागे कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि गरजेपेक्षा एक वीतही जास्त बंधन नको. खासगीपणाच्या हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी जो निकाल दिला, त्यात ही कसोटी नीट मांडलेली आहे.

आता प्रश्न कायद्याचा. आपल्या हातात होता तो १८९७ चा साथरोग कायदा.

(दृश्य: प्लेगच्या काळातली पुण्याची जुनी छायाचित्रं.)

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारनं घाईघाईनं हा कायदा केला. अवघी चार कलमं. सरकारला वाटेल ते तात्पुरते नियम करता येतील, नियम मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्‌हेतूनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही. आजारी माणसाला काय मिळेल, याबद्दल त्यात एक ओळ नाही. पुण्यात सोजिरांनी घराघरांत शिरून केलेल्या झडत्या, त्यावरून उसळलेला संताप आणि २२ जून १८९७ ला रँडवर झाडलेल्या गोळ्या, हा सगळा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच प्लेगमध्ये, त्याच वर्षी १० मार्चला, रुग्णांची सेवा करता करता साताऱ्याच्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले गेली. साथीशी कसं लढावं याची दोन रूपं महाराष्ट्रानं एकाच वर्षी पाहिली. कायद्यात उतरलं ते मात्र झडतीचं रूप.

१२३ वर्षांनी, १४ मार्च २०२० ला, महाराष्ट्र सरकारनं करोनाचे नियम काढले ते याच कायद्याखाली. देशभरची टाळेबंदी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आली. दोन्ही कायदे प्रशासनाचे हात बळकट करतात. नागरिकाचे हात बळकट करायला कोर्टात जावं लागलं.

(दृश्य: एका जुन्या घराचं दार. चौकटीवर सुकलेल्या डिंकाचा डाग.)

दारावर चिकटवलेला कागद आठवतो? आत करोनाचा रुग्ण आहे, येऊ नये. कुणाच्या मनगटामागे शाईचा शिक्का, कुणाच्या बोळाला बांबूचा अडसर. रुग्ण दहा-पंधरा दिवसांत बरा व्हायचा. शेजाऱ्यांच्या डोक्यातला कागद तेवढ्या लवकर निघत नव्हता. दूधवाला बाहेरूनच परत जायचा, धुणंभांड्याच्या मावशींचं काम सुटायचं, आणि या भीतीनं लोक ताप लपवायचे. यातच साथीचं खरं नुकसान होतं. माणसाची अब्रू आणि सगळ्यांचं आरोग्य इथं एकाच बाजूला होतं.

९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आपत्ती कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय रुग्णाच्या घरावर असा फलक लावायचा नाही. केंद्र सरकारनंच कोर्टाला सांगितलं होतं, की आमच्या मार्गदर्शक सूचनांत असे कागद लावा असं कुठंच म्हटलेलं नाही. म्हणजे देशभर दारोदार जे चाललं होतं, ते केंद्राच्या सूचनेत नव्हतंच.

(दृश्य: ऊसाचा फड. खोप्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर संसार.)

त्या मार्चमध्ये कारखान्यांचा हंगाम संपत आला होता. बीड-नगरकडच्या ऊसतोड टोळ्या सांगली, सातारा, कोल्हापूरच्या फडांवर अडकल्या. जिल्ह्याच्या हद्दी बंद. उचल फिटलेली, पीठ संपलेलं, गावाकडं म्हातारे आईबाप. एप्रिलच्या मध्यावर राज्य सरकारनं तपासणी करून त्यांना घरी जाऊ दिलं. आणि उलट दिशेला पाहा : विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी ही माणसं पार केरळपासून पंजाबपर्यंत पसरलेली आहेत. ती तिकडं, परक्या भाषेच्या मुलखात अडकली. स्थलांतरित मजूर म्हटलं की उत्तरेकडचा माणूस डोळ्यांपुढे येतो. आपल्या जिल्ह्यातून माणसं जातातही आणि आपल्या जिल्ह्यात येतातही.

या माणसांसाठी ३१ मार्च २०२० ला प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. आता रस्त्यावर कुणी चालत नाही, असं सरकारनं सांगितलं आणि कोर्टानं ते मान्य केलं. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. २६ मे रोजी कोर्टानं स्वतःहून दखल घेतली. २८ मे रोजी आदेश दिला : मजुरांकडून रेल्वे-बसचं भाडं घेऊ नका, त्यांना अन्नपाणी द्या. ९ जूनला सांगितलं : पंधरा दिवसांत सगळ्यांना घरी पोहोचवा आणि टाळेबंदी मोडल्याबद्दल त्यांच्यावर भरलेले गुन्हे मागे घेण्याचा विचार करा.

या तारखा मी मुद्दाम एकामागोमाग वाचल्या. ३१ मार्च ते २८ मे. कायद्याच्या दृष्टीनं हे दोन महिने. पायी चालणाऱ्याच्या दृष्टीनं काय, ते त्यालाच विचारावं.

(दृश्य: सांगली, गोकुळनगर. गल्लीचं तोंड. कुणाचाही चेहरा दिसत नाही.)

आता ज्या वस्तीत आपण आलो आहोत, तिथं साथ काय असते हे करोनाच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे. एचआयव्हीच्या साथीत या जिल्ह्यानं फार सोसलं. १९९२ पासून ‘संग्राम’ संस्था इथं काम करते आहे, आणि तिच्यातूनच वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’, उभी राहिली. धंदा करणाऱ्या बायकांची स्वतःची संघटना. त्या सांगत आल्या, की आम्हाला धरून नेऊन जबरदस्तीनं रक्त काढू नका. आम्हाला माहिती द्या, साधनं द्या, आमच्या बहिणींना आम्हीच समजावू.

ही मागणी किती मोठी होती, हे कळायला गोव्यातलं प्रकरण आठवावं लागतं. १९८९ मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली एका एचआयव्हीबाधित तरुणाला ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं. आणि मुंबई उच्च न्यायालयानं तो कायदा वैध ठरवला. तिथून निघून देश २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यापर्यंत आला : संमतीशिवाय तपासणी नाही, नाव उघड करायचं नाही, रोगामुळे नोकरी, शाळा, घर नाकारायचं नाही. हा कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला. म्हणजे करोना आला तेव्हा हे सगळं आपल्या कायद्यात लिहिलेलं होतं, फक्त एका रोगापुरतं.

टाळेबंदीत या गल्लीतली कमाई एका रात्रीत थांबली. रेशनकार्ड नाही, कारण पत्त्याचा पुरावा नाही. पत्त्याचा पुरावा कोण देणार? २९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना आदेश दिला, की या महिलांना ओळखीचा पुरावा न मागता कोरडा शिधा द्या. महाराष्ट्रानं ऑक्टोबर ते डिसेंबर अशा तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये, आणि शाळेत शिकणारी मुलं असतील तर आणखी २,५०० रुपये मंजूर केले. मे २०२२ मध्ये त्याच प्रकरणात कोर्ट म्हणालं, की प्रतिष्ठेनं जगण्याचा हक्क या महिलांनाही आहे, आणि पत्त्याच्या पुराव्याशिवाय त्यांना आधार कार्ड द्या. साथीच्या धकाधकीत निघालेला एक चांगला आदेश साथ सरल्यावरही कामाला येतो, याचं माझ्या माहितीतलं हे सगळ्यांत ठळक उदाहरण आहे.

(दृश्य: सांगलीच्या जुन्या किल्ल्यातला तुरुंग, बाहेरून.)

तुरुंगात अंतर ठेवायला जागा नसते. २३ मार्च २०२० रोजीच कोर्टानं राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमून काही कैद्यांना तात्पुरतं सोडायला सांगितलं. इथं उशीर झाला नाही, हेही सांगायला हवं.

(दृश्य: मिरज, रुग्णालयाबाहेर ऑक्सिजनचे सिलिंडर. एप्रिल-मे २०२१.)

दुसरी लाट. मिरजेचं नाव वॉनलेस डॉक्टरांच्या काळापासून दवाखान्यांसाठी घेतलं जातं. कर्नाटकातूनही रुग्ण इथं येतात. त्या मिरजेतसुद्धा बेडसाठी माणसं वणवण फिरली. लोक मोबाइलवर हाका मारत होते : ऑक्सिजन आहे का, इंजेक्शन आहे का. काही राज्यांत अशा हाकांनाच अफवा ठरवण्याची भाषा सुरू झाली. ३० एप्रिल २०२१ रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड, नागेश्वर राव आणि रवींद्र भट यांनी बजावलं : मदत मागणाऱ्या, तक्रार मांडणाऱ्या नागरिकावर कारवाई केलीत, तर तो न्यायालयाचा अवमान समजू. बोलण्याचा हक्क म्हणजे सभा-भाषणं एवढंच आपल्याला वाटतं. त्या आठवड्यात तो हक्क म्हणजे एक सिलिंडर होता.

पुढच्याच महिन्यात याच न्यायालयानं १८ ते ४४ वयाच्या लोकांना पैसे मोजून लस घ्यायला लावणारं धोरण सकृत्दर्शनी मनमानी ठरवलं. ७ जूनला केंद्रानं धोरण बदललं आणि २१ जूनपासून लस सगळ्या प्रौढांना मोफत झाली.

लशीची दुसरी बाजूही कोर्टापुढे आली. औरंगाबाद जिल्ह्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये लस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही, असा आदेश निघाला होता. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं : आपल्या शरीराबद्दलचा निर्णय हा कलम २१ चा भाग आहे, कुणालाही बळजबरीनं लस टोचता येणार नाही. समाजाच्या हितासाठी सरकार काही बंधनं घालू शकतं, पण ती त्या वेळच्या परिस्थितीच्या प्रमाणात हवीत. शिवाय लशीच्या दुष्परिणामांची नोंद लोकांना पाहता आली पाहिजे. माझ्या मते हा समतोल निकाल आहे. लस सगळ्यांनी घ्यावी असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पण ती पटवून द्यावी, शिधा अडवून नव्हे.

(दृश्य: संसद भवन. मग वाळवा तालुक्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र.)

एवढं सगळं होऊनही १८९७ चा कायदा अजून जागेवर आहे. सप्टेंबर २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती डॉक्टर, परिचारिका, आशाताईंवरच्या हल्ल्यांबद्दल : तीन महिने ते पाच वर्षं कैद, गंभीर इजा असेल तर सहा महिने ते सात वर्षं. ती गरजेचीच होती. रुग्णाबद्दल मात्र अजूनही काही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगानं आपल्या २८६व्या अहवालात सांगितलं, की हा कायदा अपुरा आहे; तो दुरुस्त करा किंवा नवा करा, साथीची योजना आधीच तयार ठेवा, आणि तिच्यात विलगीकरण व टाळेबंदीचे नियम नागरिकांचे मूलभूत हक्क राखून लिहा.

नव्या कायद्यात काय हवं, हे या जिल्ह्याला अनुभवानं ठाऊक आहे. रुग्णाचं नाव गुप्त राहील. प्रत्येक निर्बंधाला शेवटची तारीख असेल. कामबंदीचा आदेश निघेल त्याच आदेशात शिध्याची आणि घरी जाण्याची सोय असेल. कागदपत्रं नाहीत म्हणून कुणाचं ताट अडणार नाही. आणि तक्रार ऐकायला दिल्ली किंवा मुंबई नव्हे, तर जिल्ह्याच्या ठिकाणी अधिकारी असेल, त्यालाही उत्तराची मुदत असेल. असा मसुदा जेव्हा पुढे येईल, तेव्हा त्यावर हरकती-सूचना मागवल्या जाव्यात आणि त्या मराठीतही घेतल्या जाव्यात. गोकुळनगरच्या बायका, फडावरच्या टोळ्या, विट्याची गलाई मंडळी आणि इस्लामपुरातले ते बरे झालेले रुग्ण, यांच्याकडे लिहून पाठवण्यासारखं पुष्कळ आहे.