सीआयए: अंतर्गत लेखापरीक्षकाची परीक्षा

श्रोतेहो, नमस्कार. वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत अकाउंट्स सांभाळणारे, जालन्याच्या स्टील कारखान्यांत काम करणारे, लातूर-नांदेडला सीएंच्या ऑफिसात ऑडिटला जाणारे, तुमच्यासाठी आजचा विषय आहे: सीआयए, म्हणजे सर्टिफाइड इंटर्नल ऑडिटर.

ही परीक्षा अमेरिकेतली इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्स ही संस्था घेते. तिची स्थापना 1941 ची. अंतर्गत लेखापरीक्षण म्हणजे कंपनीचं कामकाज आणि त्यातली नियंत्रणं कंपनीसाठीच तपासणं. आपल्याकडे या कामाला कायद्याचा आधार आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 138 नुसार, खासगी कंपनीची उलाढाल 200 कोटी किंवा बँकांचं कर्ज 100 कोटींच्या वर गेलं की अंतर्गत लेखापरीक्षक नेमावाच लागतो. तो सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट असतो, किंवा संचालक मंडळ ठरवेल तो दुसरा व्यावसायिक. या तिसऱ्या वाटेनं जाणाऱ्याला सीआयए फार उपयोगी पडतं. सीएच्या सहीची जागा मात्र ते घेत नाही, हे आधीच लक्षात ठेवा.

परीक्षेचे तीन भाग. पहिल्यात 125 प्रश्न आणि 150 मिनिटं; दुसऱ्या-तिसऱ्यात प्रत्येकी 100 प्रश्न आणि 120 मिनिटं. कुठलाही भाग घ्या, एका प्रश्नाला 72 सेकंदच येतात. सगळे प्रश्न बहुपर्यायी, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. निकाल 250 ते 750 या मापात लागतो आणि 600 ला पास. 750 पैकी 600 म्हणजे 80 टक्के, असा हिशेब करून पुष्कळ जण उगाच धास्तावतात. ते रूपांतरित गुण असतात, म्हणजे तुमची कामगिरी त्या मापात बसवलेली असते; त्यांची टक्केवारी काढता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपली मुलं हिशेबात कच्ची नसतात. गाडी अडते ती व्हाउचर तपासण्याच्या सवयीपाशी. बिल आहे, सही आहे, टॅलीत नोंद आहे, झालं! परीक्षा याच्या पुढचं विचारते. समजा, जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये भंगाराचे ट्रक येतात. नियम असा की भरलेल्या आणि रिकाम्या, दोन्ही वजनांची पावती वजनकाट्याच्या संगणकातूनच निघाली पाहिजे. तुम्ही 40 पावत्या काढल्या आणि सात पावत्यांवर रिकामं वजन पेनानं लिहिलेलं दिसलं. नियम हा निकष झाला, सात पावत्या ही वस्तुस्थिती. कारण काय? हातानं वजन टाकायची सोय चालू आहे आणि पासवर्ड चौघांना माहीत आहे. परिणाम काय? न आलेल्या मालाचे पैसे जाऊ शकतात. मग शिफारस कोणती? ‘ऑपरेटरला समज द्यावी’ हा पर्याय समोर असतोच, आणि घाईत तोच निवडला जातो. पण समज दिल्यानं कारण तसंच राहतं. जो पर्याय ती सोय बंद करतो, निदान वरिष्ठांची मंजुरी लावतो, ते उत्तर.

दुसरा खड्डा स्वतंत्रतेचा. गेल्या 12 महिन्यांत स्टोअर्सची जबाबदारी ज्याच्याकडे होती, त्यानं स्टोअर्सचं ऑडिट करू नये. ‘त्यालाच सगळं माहीत आहे’ म्हणून लहान कंपन्यांत हे सर्रास चालतं. तुमच्या ऑफिसात काय चालतं ते परीक्षेत लिहायचं नसतं. याच संस्थेची अंतर्गत लेखापरीक्षणाची जागतिक मानकं, म्हणजे कामाचे नियम, काय सांगतात ते लिहायचं.

ती मानकं 9 जानेवारी 2025 पासून नव्यानं लागू झाली आहेत: पाच विभाग, 15 तत्त्वं. त्यापाठोपाठ अभ्यासक्रमही बदलला. पूर्वी तिसऱ्या भागात वित्त आणि माहिती तंत्रज्ञान बरंच होतं. आता तिथे ऑडिट विभाग कसा चालवायचा, वर्षाचा आराखडा कसा करायचा हे आहे. म्हणून कुणी जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत देत असेल तरी घेऊ नका. आधी मानकं वाचा, मग प्रश्नसंच सोडवा, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे आपला पर्याय का चुकला ते एका ओळीत मराठीत लिहा. परीक्षा मराठीत नसते, पण समज आपल्या भाषेत पक्की होते.

अर्ज भरताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर जुळवून टाका. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव गायब, असं असेल तर केंद्रावरून परत यावं लागतं आणि फीही जाते. अर्ज मंजूर झाल्यापासून तीन वर्षांत सगळं पूर्ण करायचं असतं.

पदवीधराला 24 महिन्यांचा अनुभव लागतो, पदव्युत्तर असाल तर 12. परीक्षा आधी देऊन अनुभव नंतर दाखवला तरी चालतो. मात्र अनुभवाला कुणाचा तरी दुजोरा लागतो, तेव्हा नोकरी बदलताना साहेबांकडून कामाचं स्वरूप आणि तारखा लिहिलेलं पत्र त्याच आठवड्यात घ्या. नुसतं ‘अकाउंट्स असिस्टंट’ लिहिलेलं पत्र कामाचं नाही. त्यात अंतर्गत लेखापरीक्षण, नियमपालन किंवा जोखीम तपासणी, जे प्रत्यक्ष केलं असेल ते स्पष्ट लिहून मागा.