आधी बोटांना काम, मग पेन्सिल

नमस्कार श्रोतेहो.

परवा माझ्या साडेतीन वर्षांच्या भाचीला स्वेटरचं बटण लावताना मी अगदी जवळून पाहत होते. जीभ ओठांच्या कोपऱ्यात आलेली, नजर खाली खिळलेली. डाव्या हातानं काज ताणून धरलं होतं, उजव्या हाताच्या चिमटीत बटण. ते अर्धं आत शिरलं की अलीकडून सोडायचं आणि पलीकडून पकडायचं असतं. नेमकं तिथंच ते निसटायचं. चार वेळा निसटलं. दोनदा माझा हात पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. पाचव्या वेळी बटण बसलं.

आपल्याला हे काम किरकोळ वाटतं. त्यामागे केवढी जुळवाजुळव असते, ते आत्ता ऐकता ऐकता करून बघा. डाव्या हातानं उजवा हात कोपराच्या जरा खाली धरा आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवा. हालचाल कोपराखाली जाणवते ना? बोटांमध्ये स्नायू नसतातच. स्नायू असतात तळहातात आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात. तिथून दोऱ्या ओढाव्यात तशी बोटं हलतात. मनगटातली 8 छोटी हाडं तर जन्मतः नुसती कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक, असतात. वर्षांमागून वर्षं ती एकेक करून टणक होतात, शेवटचं साधारण 9 ते 12 वर्षांच्या दरम्यान.

म्हणून तीन वर्षांच्या मुलाला पेन्सिल देऊन अक्षरं गिरवायला बसवलेलं पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. बहुतेक मुलं तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गोल काढू लागतात, चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह, चौकोन त्याच्याही पुढे आणि तिरक्या रेघांचा त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास. महिने पुढेमागे होतात, त्याची काळजी नको. पण अक्षरांत गोल, आडव्या, तिरक्या सगळ्याच रेघा येतात. त्या काढायची ताकद हातात आधी यायला हवी.

ती येते घरातल्या कामांतून. माझा सगळ्यात आवडता उद्योग म्हणजे कागद फाडणं. जुनं वर्तमानपत्र द्या आणि लांब पट्ट्या फाडायला सांगा. एक हात पुढे, दुसरा मागे, दोन्ही चिमटी घट्ट. दोन हातांनी एकाच वेळी वेगवेगळं काम करण्याचा हा उत्तम सराव, आणि कात्रीची पूर्वतयारीही हीच. दुसरा, कपडे वाळत घालायचे चिमटे. ते दाबून उघडायला अंगठा आणि पहिल्या दोन बोटांचा जोर लागतो, म्हणजे पुढे पेन्सिल धरणारी तीच तीन बोटं. खोक्याच्या कडेला गोल चिमटे लावले की मुलांचा सूर्य तयार होतो! ओला स्पंज एका भांड्यातून दुसऱ्यात पिळणं, मळलेल्या पिठाचे गोळे वळणं, मोठे मणी ओवणं, हे तुम्हाला माहीत आहेच.

रंगवायला मात्र लांब खडू देऊ नका. मोडलेला, बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या. तो मुठीत नीट धरताच येत नाही, आपोआप चिमटीत येतो. आणि कागद कधी भिंतीवर चिकटवा. उभ्या कागदावर चितारताना मनगट योग्य तऱ्हेनं मागे वळतं आणि खांदाही कामाला लागतो.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती मणी, बटणं असं गिळता येण्यासारखं काही देऊ नका. मोठ्या मुलांनाही तुमच्या नजरेसमोरच द्या. गोल चपटे सेल आणि छोटी लोहचुंबकं तर कोणत्याच लहान मुलाच्या हाताला लागता कामा नयेत.

डावा हात पुढे करणाऱ्या मुलाला अडवू नका. पण वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरत असेल आणि दुसरा वापरायचं टाळत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

आणि सकाळी बाहेर पडायच्या दहा मिनिटं आधी कपडे हातात द्या. घाईत आपणच बटणं लावून मोकळे होतो. भाचीनं त्या दिवशी उरलेली तीनही बटणं लावली. त्यातलं एक चुकीच्या काजात गेलं. आम्ही ते तसंच राहू दिलं आणि फिरायला गेलो.

नमस्कार.