प्रती शाबूत होत्या

[दृश्य : लंडन, सेंट पँक्रास. ब्रिटिश लायब्ररीची लाल विटांची इमारत.]

२८ ऑक्टोबर २०२३, शनिवार. ब्रिटिश लायब्ररीची वेबसाइट बंद पडली. कॅटलॉग बंद, वायफाय बंद. ‘रायसिडा’ नावाची खंडणीखोर टोळी सर्व्हरमध्ये घुसली होती. तिनं चोरलेल्या मालाची बोली लावली, २० बिटकॉइनपासून. लायब्ररीनं एक पैसाही दिला नाही. मग सुमारे ६०० जीबी फायली चव्हाट्यावर आल्या. त्यात वाचकांची खासगी माहिती होती, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचीही. चोरांनी जाता जाता घरही पेटवावं, तसे काही सर्व्हरही नष्ट केले होते.

चोरांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. आपण डिजिटल जतनाचं, म्हणजे फायली वर्षानुवर्षं शाबूत ठेवण्याचं काम करणाऱ्यांकडे वळू.

[दृश्य : काळा पडदा, त्यावर अक्षरं-आकड्यांची लांब ओळ.]

ही ओळ म्हणजे चेकसम. संग्रहात फाइल दाखल झाली, की तिच्यावरून अक्षरं-आकड्यांची अशी एक खूण काढून ठेवतात. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी हलला, तरी अख्खी ओळ बदलते. म्हणून ती दर काही काळानं पुन्हा काढायची आणि जुन्या ओळीशी ताडून बघायची. जुळली? ठीक. पुढची फाइल. ‘आजही सगळं जुळलं’ म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. एखादी जुळली नाही, की मात्र साहेबांचा फोन येतो.

त्यात यंत्रं बदलत राहतात. एलटीओ टेपचंच घ्या, म्हणजे फायली साठवायच्या चुंबकीय फितीचं. आठव्या पिढीचा ड्राइव्ह सातव्या पिढीची टेप वाचतो, सहावीची वाचत नाही. म्हणजे जुने ड्राइव्ह मोडीत निघायच्या आत सगळा माल नव्या टेपवर हलवायचा. तो हलवून होतो न होतो, तोच पुढची पिढी बाजारात. हे काम कधी ‘झालं’ असं होतच नाही.

अशा कामात माणूस थकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणानं करपून जाण्याची, तीन लक्षणं सांगितली. अंगातलं त्राण जाणं. कामाविषयी मन उडणं, कडवट होणं. आणि आपल्या हातून काही होत नाही, असं वाटत राहणं. पहिली दोन कुठल्याही कचेरीत सापडतील. तिसरं इथे फार खोल रुततं असं मला वाटतं, कारण या कामातलं यश डोळ्यांना दिसतच नाही.

लंडनमध्ये तर त्याची कमाल झाली. मार्च २०२४मध्ये लायब्ररीनं स्वतःच अहवाल काढला. त्यात म्हटलंय, की डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती शाबूत होत्या. अडलं कुठे? त्या प्रती परत उतरवायला धड यंत्रणाच उरली नव्हती. ज्यांचं काम चोख झालं होतं, त्यांच्याही वाट्याला महिनोन्‌महिने कोरा पडदा आला. समोर खोळंबलेले वाचक. मुंबई इलाख्याचे कितीतरी कागद याच इमारतीत आहेत. तिकीट काढून, रजा टाकून तिथे पोचलेल्या अभ्यासकाला ‘प्रती शाबूत आहेत’ हे ऐकवून काय उपयोग? यॉर्कशरमधल्या बॉस्टन स्पाच्या स्वयंचलित गोदामातली पुस्तकं तर मागवताच येईनात. १५ जानेवारी २०२४ला कॅटलॉग परतला, तोही फक्त शोधण्यापुरता.

[दृश्य : अहवालाचं पान, हळूहळू जवळ येत.]

अहवालात धडे दिलेत. त्यातला एक कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याचा : ज्यांची माहिती चोरीला जाते, ज्यांचं काम विस्कटतं, त्यांना अशा हल्ल्याचा जबर धक्का बसतो, तेव्हा संकटकाळच्या आराखड्यात त्यांची सोय हवी. रास्त आहे. पण त्याच अहवालात आणखी एक कबुली आहे. तंत्रज्ञान विभागावर हल्ल्याच्या आधीपासूनच झेपेल त्यापेक्षा जास्त काम होतं, माणसं अपुरी होती.

संकटकाळचा आराखडा संकट आल्यावर उघडतात. माणसं अपुरी होती, ती त्याच्या आधीच्या साध्या, बिनसंकटाच्या दिवसांत.