कर्ता नसलेले वाक्य

पडद्यावर दिसते आहे ती ईशान्य पोलंडमधल्या येद्वाब्ने या छोट्या गावाबाहेरची एक मोकळी जागा. जळून गेलेल्या एका कोठाराची आठवण म्हणून इथे दगडांनी त्याची हद्द आखलेली आहे आणि मधोमध उभ्या दगडात करपलेले, काळेठिक्कर लाकूड बसवलेले आहे. स्मारकावरचा मजकूर सांगतो, की येद्वाब्ने आणि परिसरातील ज्यू पुरुष, स्त्रिया व मुले यांची १० जुलै १९४१ रोजी या जागी हत्या करण्यात आली आणि त्यांना जिवंत जाळण्यात आले. मजकुरात मृतांना ‘या भूमीचे सहनिवासी’ म्हटले आहे. हत्या कोणी केली, आग कोणी लावली, हे मात्र त्यात लिहिलेले नाही. शाळेत शिकवलेल्या कर्मणी प्रयोगाचा असा उपयोग व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

याच जागेवर १९६० च्या दशकात उभारलेला एक जुना दगड होता. त्यावरच्या वाक्याला कर्ता होता. गेस्टापो (नाझींचे गुप्त पोलीस) आणि नाझी पोलिसांनी १,६०० जणांना जिवंत जाळले, असे तो दगड सांगत असे. ज्या कम्युनिस्ट राजवटीत तो उभा राहिला, तिच्याच न्यायालयात १९४९ साली या प्रकरणाचा खटला चालला होता. वॉम्झा शहरातल्या त्या खटल्यात २२ स्थानिक आरोपी होते आणि त्यांपैकी १२ जणांना शिक्षा झाली होती. म्हणजे सरकारी दप्तरात एक उत्तर होते आणि दगडावर दुसरे, आणि ही विसंगती जवळजवळ ४० वर्षे कोणालाही खटकली नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी पोलंड वाटून घेतला, तेव्हा येद्वाब्ने सोव्हिएत वाट्याला आले. पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवण्यात आले. मराठी प्रेक्षकांना या कथेचे एक टोक ठाऊक आहे, कारण त्याच हद्दपारीतून सुटलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. आपल्याला माहीत असलेला पोलंड हा असा, सोसलेला पोलंड आहे आणि ते सोसणे तसूभरही खोटे नाही. पण त्याच हद्दपारीचा राग येद्वाब्नेच्या परिसरात ज्यू शेजाऱ्यांवर निघाला. ‘ज्यू म्हणजे कम्युनिस्ट’ ही समजूत युद्धाच्या आधीपासून रुजलेली होती. जून १९४० मध्ये हद्दपार झालेल्यांत बहुसंख्य ज्यूच होते, ही गोष्ट त्या समजुतीच्या आड आली नाही.

समजूत रुजायला जमीनही तयार होती. युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते, म्हणजे दर दहा माणसांत एक. वॉम्झाच्या परिसरात राष्ट्रवादी पक्षाचे वजन मोठे होते, ज्यू दुकानांवर बहिष्काराच्या मोहिमा चालत आणि १९३७ पासून विद्यापीठांच्या वर्गात ज्यू विद्यार्थ्यांसाठी वेगळे बाक ठेवण्यास परवानगी मिळाली होती. त्या बाकांवर बसण्याऐवजी कित्येक विद्यार्थी तासभर उभे राहून व्याख्यान ऐकत.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि काही दिवसांत हा भाग जर्मन सैन्याच्या हाती गेला. ७ जुलैला जवळच्या राजिवुफमध्ये ज्यूंना कोठारात जाळले गेले. तीन दिवसांनी येद्वाब्नेची पाळी आली. सकाळी ज्यू कुटुंबांना घराबाहेर काढून बाजारचौकात आणले आणि फरशीच्या फटींत उगवलेले गवत उपटायला बसवले. जुलैच्या उन्हात माणसे ओणवी बसून गवत उपटत आहेत आणि भोवती त्यांना नावानिशी ओळखणारे लोक उभे आहेत, हे चित्र या साऱ्या प्रकरणात मनातून सर्वांत उशिरा पुसले जाते. मग पुरुषांच्या एका गटाला चौकाजवळचा लेनिनचा पुतळा फोडून त्याचे तुकडे वाहून न्यायला लावले आणि ठार मारून त्या तुकड्यांसह पुरले. उरलेल्यांना, लेकराबाळांसह, कोठारात कोंडून आग लावली.

हे जगाला कळले ते वाचलेल्यांमुळे. श्मुल वासेरश्टाइन यांनी १९४५ सालीच बियावीस्तोकच्या ज्यू इतिहास समितीपुढे जबानी दिली होती. ते जिवंत राहिले, कारण जवळच्या यान्चेव्को गावातल्या अंतोनिना विझिकोव्स्का या शेतकरी स्त्रीने आणि तिच्या पतीने त्यांच्यासह सात जणांना आपल्या आवारात, जनावरांच्या गोठ्याखाली खणलेल्या खड्ड्यांत दोन वर्षांहून अधिक काळ लपवले. व्याप्त पोलंडमध्ये ज्यूंना आसरा देण्याची शिक्षा मृत्यू होती आणि ती कागदावरची धमकी नव्हती. मार्कोवा गावातल्या उल्मा कुटुंबाला १९४४ मध्ये, मुलांसकट, गोळ्या घातल्या गेल्या. ज्यूंना वाचवणाऱ्यांचा सन्मान करणाऱ्या इस्रायलच्या यादीत सात हजारांहून अधिक पोलिश नावे आहेत, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. ही संख्या आज अनेकदा ढालीसारखी पुढे केली जाते. विझिकोव्स्का यांची कहाणी त्या ढालीत मावत नाही, कारण जर्मन निघून गेल्यावर त्यांना मारहाण झाली ती पोलिश सशस्त्र टोळीकडून, ज्यूंना आसरा दिला म्हणून, आणि त्यांना तो प्रदेश सोडावा लागला.

युद्धानंतरही हे थांबले नाही. ४ जुलै १९४६ रोजी केल्त्से शहरात, ज्यूंनी आपल्याला तळघरात कोंडले होते असे एका लहान मुलाने सांगितल्यावर, जमाव, सैनिक आणि पोलीस यांच्या हातून ४२ ज्यू मारले गेले. त्या घराला तळघरच नव्हते. वाचलेल्यांपैकी हजारोंनी त्यानंतर देश सोडला आणि उरलेल्यांतील तेरा हजारांहून अधिक जणांना १९६८ च्या ज्यूविरोधी सरकारी मोहिमेनंतर जावे लागले. त्यांच्या हाती जो प्रवासाचा कागद देण्यात आला, त्यावर हा धारक पोलंडचा नागरिक नाही, असे नमूद होते.

प्रश्न उघडपणे विचारण्याची सुरुवात १९८७ मध्ये झाली. क्राकुफच्या एका कॅथलिक साप्ताहिकात साहित्य समीक्षक यान ब्वोन्स्की यांनी लिहिले, की आपण प्रत्यक्ष हत्येत भाग घेतला नसेल, तरी शेजाऱ्याच्या मरणाकडे उदासीनपणे पाहण्याचा दोष आपल्यावर आहे. तेवढ्यावरही संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. २००० साली इतिहासकार यान तोमाश ग्रॉस यांचे येद्वाब्नेच्या हत्याकांडावरचे ‘शेजारी’ हे पुस्तक आले, आणि आता विषय उदासीनतेचा उरला नव्हता. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेने, म्हणजे नाझी आणि कम्युनिस्ट काळातल्या गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने, चौकशी केली. तिचा निष्कर्ष असा, की चिथावणी जर्मनांची होती, प्रत्यक्ष कृत्य किमान ४० स्थानिक पोलिश पुरुषांचे होते आणि बळी किमान ३४० होते. मृतांना हलवण्यास असलेल्या ज्यूंच्या धार्मिक आक्षेपांमुळे उत्खनन अर्धवट थांबवावे लागले, त्यामुळे मृतांच्या आकड्यावरचा वाद मिटला नाही. आकडा १,६०० वरून खाली आला म्हणून काहींना सुटल्यासारखे वाटले, हे मात्र समजण्यापलीकडचे आहे.

१० जुलै २००१ रोजी, साठाव्या स्मृतिदिनी, राष्ट्राध्यक्ष अलेक्सान्देर क्वाश्निएव्स्की यांनी याच जागी माफी मागितली. त्यांनी शब्द तोलून वापरले होते. स्वतःच्या वतीने, आणि ज्या पोलिश लोकांचा विवेक त्या गुन्ह्याने हादरला आहे त्यांच्या वतीने, असे ते म्हणाले. सगळ्या राष्ट्राच्या वतीने म्हणणे त्यांना शक्य नव्हते, आणि ते किती खरे होते हे त्याच दिवशी दिसले. गावातले बहुतेक लोक घराबाहेर पडले नाहीत, स्थानिक धर्मगुरूंनीही पाठ फिरवली आणि माफीच्या बाजूने उभे राहिलेल्या नगराध्यक्षांनी पुढे पद सोडले.

२०१८ मध्ये पोलिश संसदेने एक कायदा केला. जर्मन छळछावण्यांना ‘पोलिश छावण्या’ म्हटले जाते ही त्यामागची तक्रार रास्त होती. पण कायद्याच्या भाषेप्रमाणे नाझी गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत होता. जगभरातून विरोध झाल्यावर त्याच वर्षी जूनमध्ये ती शिक्षा काढून टाकण्यात आली.

आता पुन्हा त्या मोकळ्या जागेकडे पाहू. २०११ मध्ये स्मारकावर हिरव्या रंगाने स्वस्तिक चिन्हे काढून लिहिले गेले, की येद्वाब्नेसाठी माफी मागत नाही. ते पुसले गेले. २०२५ च्या जुलैमध्ये, स्मृतिदिनाच्या तोंडावर, शेजारच्या खाजगी जमिनीवर पाट्या लावलेले मोठमोठे दगड उभे राहिले. अधिकृत स्मारकावरच्या वाक्याप्रमाणे पाट्यांवरच्या मजकुरात कर्ता गाळलेला नाही. हत्या जर्मनांनी केली, असे त्या सांगतात, जसे तो जुना दगड सांगत असे.