कॅराव्हॅन ओढायची आहे? आधी सामान उतरवा

नमस्कार श्रोतेहो. शाळांच्या सुट्ट्या तोंडावर आल्यात आणि इंग्लंडमधल्या आपल्या बऱ्याच मराठी घरांत यंदा कॅराव्हॅनचं, म्हणजे कारमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घराचं, घाटतंय. कुणी जुनी विकत घेतलीय, कुणी भाड्यानं घेणार आहे. कारमागे पहिल्यांदाच कॅराव्हॅन जोडणाऱ्यांसाठी आजचं हे बोलणं.

आधी लायसन्स. भारतातलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षा इथेच दिली, आणि तीही 1997 नंतर. अशांना मोठी कॅराव्हॅन ओढायची तर पूर्वी वेगळी परीक्षा द्यावी लागायची. 16 डिसेंबर 2021 पासून ती अट गेली. आता साध्या कारच्या लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. ही परीक्षा काढून टाकली, हे मला अजिबात पटलेलं नाही. सक्ती नसली तरी टोइंगचा, म्हणजे कॅराव्हॅन ओढण्याचा, एखादा कोर्स करा. कॅराव्हॅनवाल्यांचे क्लब असे कोर्स घेतात.

आता वजन. लेस्टरला माझे एक स्नेही राहतात. त्यांचे मामा शिरोळ तालुक्यातले. उभं आयुष्य ऊस वाहण्यात गेलं. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, रात्रीचा रस्ता, कारखान्याच्या काट्यावर रांग, हंगामभर हेच. मामा उन्हाळ्यात भाच्याकडे आले आणि त्याच आठवड्यात भाच्यानं जुनी कॅराव्हॅन दारात आणून उभी केली. बेत होता वेल्समध्ये, एरीच्या डोंगरांत जायचा.

निघायच्या दिवशी सकाळी सगळं सामान भरून तयार. स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणी मागच्या बाजूला, म्हणून सामानही मागेच: तांदळाची मोठी पिशवी, दोन कुकर, पाण्याचे भरलेले कॅन, आणि मागच्या भिंतीवर मुलांच्या सायकली टांगलेल्या. मामा चहाचा कप ठेवून बाहेर आले. कॅराव्हॅनभोवती एक फेरी मारली. पुढे वाकून जोडणीचा दांडा धरला आणि वर उचलला. दांडा अलगद वर आला.

‘‘उतरव सगळं,’’ मामा म्हणाले.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, उशीर होतोय. एकूण वजन मर्यादेत आहे, मी कागद बघितलाय.’’

‘‘वजन किती ते कागदाला इचार. कुठं हाय ते मला इचार. मागनं जड झालीय ही. उताराला लागली की शेपूट हलवंल, आन मग तू तिला वडणार न्हाईस, ती तुला वडंल.’’

श्रोतेहो, मामांचं अगदी बरोबर होतं. कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के भार पुढे, कारच्या हुकावर यायला हवा. 1,300 किलोची कॅराव्हॅन असेल तर 65 ते 90 किलो. तो दांडा एका हातानं अलगद उचलला जाताच कामा नये. कारच्या हुकाची मर्यादा याहून कमी असेल, तर तीच पाळायची. मोजायला छोटा काटा मिळतो. तो नसेल तर घरातला वजनकाटा आणि लाकडाचा ठोकळा पुरतो.

तर सगळं सामान अंगणात आलं. पाण्याचे कॅन रिकामे केले, कारण पाणी तिथे मिळतंच. सायकली कारच्या छतावर गेल्या. तांदूळ आणि कुकर चाकांच्या आसाजवळ, खाली जमिनीवर घट्ट बसवले. कपडे, पांघरुणं वरच्या कपाटांत. जड सामान खाली आणि आसाजवळ. पुन्हा सांगतो, जड सामान खाली आणि आसाजवळ. आणि खरं सांगू का, तांदूळ वेल्समध्येही मिळतो. सुट्टीला निघताना अख्खं कोठीघर बरोबर न्यायची आपली सवय आता सोडायला हवी.

पुढे ए-5 रस्त्यावर, लँगोलेनच्या अलीकडे, समोरून एक भलामोठा ट्रक सुसाट गेला. वाऱ्याच्या झोतानं कॅराव्हॅन एकदा डुलली आणि लगेच सरळ झाली. मामा मागच्या सीटवरून एवढंच म्हणाले, ‘‘बसली.’’

मुक्कामाच्या जागी कॅराव्हॅन रिव्हर्समध्ये आत घालायची होती. भाचा घामाघूम. मामा खिडकीशी उभे राहिले. ‘‘स्टेरिंग खालनं धर. ढुंगाण जिकडं न्यायचंय तिकडं हात ने. हळू. अजून हळू.’’ गाडी आत गेली. शेजारच्या जागेवरचे एक इंग्रज आजोबा खुर्ची सोडून बघायला आले होते. मामांना इंग्रजी येत नाही, आजोबांना मराठी नाही, पण दोघं बराच वेळ हुकाशी वाकून एकमेकांना हातानं काही दाखवत होते. गावाकडून येणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण इथे नातवंडं सांभाळायला बसवतो. त्यांच्या हातात काय विद्या आहे, ते विचारत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

वेळ थोडा उरलाय. कॅराव्हॅन डुलायला लागलीच, तर जोरात ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला, स्टिअरिंग सरळ धरा, वेग हळूहळू उतरू द्या. नवशिक्यांनी भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन कारच्या वजनाच्या 85 टक्क्यांवर जाऊ देऊ नये. हा कायदा नाही, पण पाळा. कारच्या कागदपत्रांत दिलेली ओढण्याची मर्यादा मात्र कधीच ओलांडायची नाही.

वेग: दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी 50 मैल, दुभाजकाच्या रस्त्यावर आणि मोटरवेवर 60. पाटीवर कमी लिहिलं असेल तर तेवढाच. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन तुमची नाही. कॅराव्हॅन कारपेक्षा रुंद असेल तर जादा आरसे लावायलाच हवेत, नाहीतर 1,000 पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर 3 पॉइंट. आरसे विसरू नका. मागे कारच्याच नंबरची पिवळी पाटी हवी. आणि हूक सुटलाच तर कॅराव्हॅनचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक केबल कारला नीट अडकवलेली हवी.

चाकांचे नट घरून निघताना आवळा, आणि थोडं अंतर गेल्यावर पहिल्या थांब्याला पुन्हा तपासा. नमस्कार.