चार सह्या, आणि त्याआधीचे दोन महिने

हा फोटो जरा नीट बघा. २६ जून १९४५, सॅन फ्रान्सिस्को. गोल टेबल, मागे सगळ्या देशांचे झेंडे, आणि युनोच्या सनदेवर सह्या चालल्यात. त्या सनदेवर १६० जणांच्या सह्या आहेत. त्यात बायका किती? चार.

त्यातल्या दोघींबद्दल मला बोलायचंय, कारण सनदेत स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांचे जे शब्द आहेत ना, ते मोठ्या देशांनी मोठ्या मनाने दिले असं काही नाही, त्यासाठी या बायकांनी दोन महिने मतांची जुळवाजुळव केलीय.

एक बर्था लुट्झ, ब्राझीलच्या. पेशाने प्राणिशास्त्रज्ञ, रिओच्या नॅशनल म्युझियममध्ये बेडकांचा अभ्यास करायच्या, बेडकाच्या एका जातीला आजही त्यांचं नाव आहे. ब्राझीलमध्ये १९३२ ला बायकांना मताचा हक्क मिळाला त्या लढ्यात त्या वर्षानुवर्षं पुढे होत्या. दुसऱ्या मिनर्व्हा बर्नार्दिनो, डॉमिनिकन रिपब्लिकच्या. तिथे तेव्हा त्रुहियोची हुकूमशाही होती आणि त्याच सरकारच्या प्रतिनिधी म्हणून त्या आल्या होत्या, हे मला खटकतं, म्हणून सांगून टाकते. पण काम त्यांनी केलं, तेही तितकंच खरं.

आता विरोध कुणाचा होता ते ऐका. अमेरिकेच्या डेलिगेशनमधल्या एकमेव बाई व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह, न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या डीन. बर्थाबाईंनी आठवणींत लिहून ठेवलंय की या बाईंनी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं, सनदेत बायकांसाठी काही मागू नका, ते फार असभ्य दिसेल. ब्रिटनच्या एलन विल्किन्सन म्हणाल्या, समानता तर आलीच की, मला बघा, मी राजाच्या प्रिव्ही कौन्सिलवर, म्हणजे त्याच्या सल्लागार मंडळावर आहे. त्यावर बर्थाबाई म्हणाल्या, याचा अर्थ एवढाच की तुम्ही पोचलात. मला हे उत्तर फार आवडतं.

आणि विरोधाचा मुद्दा तरी काय, तर तोच, जो आपण घरातल्या बैठकीपासून ग्रामसभेपर्यंत ऐकत आलोय, अहो तुम्हाला अडवलंय कुणी, बायका नकोत असं कुठे लिहिलंय का, माणूस म्हटलं की बाई आलीच ना त्यात. नाही येत. फ्रान्सचंच बघा, १७८९ पासून माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा मिरवणारा देश, आणि तिथल्या बायकांनी पहिल्यांदा मत टाकलं २९ एप्रिल १९४५ ला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची कॉन्फरन्स सुरू होऊन चार दिवस झाले होते तेव्हा!

मग मतांचं गणित. देश ५०, ठराव पास व्हायला दोन तृतीयांश मतं, म्हणजे सगळे हजर असले तर ३४. आणि कमिटीत अमेरिकेचं मत एक, डॉमिनिकन रिपब्लिकचंही एकच, तिथे नकाराधिकार नव्हता, सगळी मदार यावरच. लॅटिन अमेरिकेचे देश २०, त्यांनी १९३८ ला लिमामध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा आधीच केलेला, त्यामुळे सुरुवात घरच्यांपासून झाली. मेक्सिकोच्या अमालिया कास्तिल्यो लेदोन, उरुग्वेच्या इसाबेल पिंतो दे विदाल सोबतीला होत्या. पण तेवढ्याने भागत नाही, बाहेरची मतं पाहिजेतच. ऑस्ट्रेलियाच्या जेसी स्ट्रीट मदतीला आल्या (यांचा जन्म आपल्या रांचीचा बरं का).

शेवटी प्रस्तावनेत स्त्री-पुरुषांचे समान हक्क आले, पहिल्या कलमात वंश, भाषा, धर्म यांच्या जोडीला लिंगभेदही करायचा नाही असं आलं, आणि आठवं कलम आलं, युनोमधल्या कुठल्याही कामासाठी स्त्री-पुरुष दोघंही बरोबरीने पात्र. वाचायला एक ओळ आहे, पण ती नसती तर अडवलंय कुणी म्हणणाऱ्यांनीच पुढे दार लावून घेतलं असतं असं मला मनापासून वाटतं.

बर्थाबाईंना स्त्रियांसाठी वेगळं कमिशनही हवं होतं. अमेरिकेला ते नको होतं, मानवी हक्कांचं कमिशन होणारच आहे मग हे कशाला म्हणून. तेही १९४६ च्या जूनमध्ये झालं. फेब्रुवारी १९४७ ला पहिली बैठक, १५ सदस्य आणि पंधराही बायका, त्यात भारताच्या शरीफा हमीद अली, बडोद्याच्या तय्यबजी घराण्यातल्या. त्याच वर्षी आपल्या मुंबईच्या हंसा मेहता मानवी हक्क कमिशनवर गेल्या आणि तिथे मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचा मसुदा चालला होता, त्यात ऑल मेन असं होतं त्यावर अडून बसल्या. अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट, त्यांचं म्हणणं मेन म्हटलं की सगळे आले. हंसाबेन हटल्या नाहीत. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये या जाहीरनाम्यावर मतदान झालं, बाजूने ४८, विरोधात शून्य, तटस्थ ८, आणि त्याच्या पहिल्या कलमात शब्द होते ऑल ह्युमन बीइंग्ज.

हे सगळं होऊनही पुढे जागतिक महिला परिषद भरायला १९७५ उजाडलं. मेक्सिको सिटी. ब्राझीलच्या डेलिगेशनमध्ये एक ८० वर्षांच्या बाई होत्या, बेडकांवाल्या, बर्था लुट्झ.