नुसतं दिसणं

नमस्कार मंडळी.

मागच्या रविवारी आमच्या घरी नऊवारीवरून रणकंदन झालं. शिवलेली नऊवारी पलंगावर, दाबाची नथ आरशापाशी आणि अकरा वर्षांची आमची कन्या पलंगाच्या पलीकडे, हाताची घडी घालून. मी म्हटलं, "अगं, नुसती फोटोपुरती नेस." तर म्हणते कशी, "आई, आय ॲम नॉट मराठी. आय जस्ट लुक मराठी."

मग मी जे बोलले त्यात पणजी होती, पुरणपोळी होती, विमानाच्या तिकिटांचे पैसेही होते. दार आपटलं गेलं. (तिने नाही, मी.) रात्री झोप येईना, आणि का कोण जाणे, जेनेट चार्ल्स आठवली.

तुमच्यापैकी कित्येकांनी तिला पाहिलंय, फक्त राणी एलिझाबेथ समजून. जन्म 1927 चा, लंडनचा. राणीहून दीड वर्षाने लहान. नटी व्हायचं होतं, पण चेहरा आडवा आला. आता ती मोलकरणीच्या भूमिकेत आली, तर लोकांना राणीच चहाचा ट्रे घेऊन आल्यासारखं वाटणार! मग 70 च्या दशकाच्या सुरुवातीला तिने नवऱ्याला भेट द्यायला स्वतःचं तैलचित्र काढून घेतलं. चित्रकर्तीने ते रॉयल अकॅडमीच्या उन्हाळी प्रदर्शनासाठी दिलं, आणि ते राणीचंच आहे असा समज झाला. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला. पंचेचाळिशीच्या आसपास बाईंचं नशीब उघडलं ते असं. जाहिराती, टीव्ही, समारंभ. 1988 च्या 'द नेकेड गन'मधली राणी तीच. 2014 मध्ये संधिवातामुळे थांबली, तोवर चाळीसेक वर्षं दुसऱ्या बाईचा चेहरा तिने सांभाळला. राणी 2022 मध्ये गेली, ही 2024 मध्ये. दोघीही गेल्या तेव्हा 96 वर्षांच्या होत्या.

अशा माणसाला आपल्याकडे शब्द एकच, तोतया. आणि तो शिवीसारखा. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याला 1776 मध्ये जिवानिशी मारलं. पण तो म्हणत होता, मीच भाऊ. जेनेटबाईंनी कधी म्हटलं नाही, मीच राणी. काम संपलं की टोपी काढून त्या घरी. आमची कन्याही तेच तर सांगत होती: दिसते तशी, पण आहे असं म्हणत नाही. तिच्या प्रामाणिकपणाला मी दार आपटून दाद दिली.

आणि मी? सोमवार ते शुक्रवार मी ऑफिसात कोण असते ते माझ्या मॅनेजरला विचारा. 'मंजिरी' त्याला जमेना, तर मीच म्हटलं, 'मॅन्झ' म्हण. गणपतीत आरतीला तिसऱ्या कडव्यापासून मी नुसते ओठ हलवते आणि टाळ्या जोरात वाजवते. हसू नका, मी शेजारी उभी असते, मला दिसतं कोण कोण हलवतं ते.

रागावू नका, पण बोलते. लावणीला नावं द्यायला आपल्याकडे रांग लागते. शनिवारच्या मराठी वर्गाला मुलं चार, त्यातली दोन शिकवणाऱ्या ताईंचीच. ढोल-ताशाच्या पथकाला फेटे पुण्याहून येतात, आणि वाचनालयाच्या कपाटाची किल्ली दोन वर्षं सापडत नाही. आपण पोरांना दिसायला शिकवतोय. मग एखादीने तसं बोलून दाखवलं की आपल्याला का झोंबतं?

जेनेटबाईंचं एक बरं होतं. त्या कुणासारख्या दिसतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण अस्सल राणी राजवाड्यात होती. माझ्या मुलीने कुणाकडे पाहावं? माझ्याकडे? पुण्यातल्या माझ्या भाच्यांकडे, जे एकमेकांशी इंग्रजीतच भांडतात?

ती आज आलेली नाही. नऊवारी पलंगावरच आहे. निघताना मी विचारलं, "येताना तुला काय आणू?" मोबाइलमधून मान वर न करता ती म्हणाली, "मसालेभात." एकच शब्द. मराठीत म्हणाली की इंग्रजीत, गाडीत बसेपर्यंत मला ठरवता आलं नाही.

तर स्वयंपाकघरातल्या मंडळींना विनंती, एक डबा बाजूला काढून ठेवा. काजू जरा जास्त.